बँकॉकचं वाट अरुण: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

नोकरीनिमित्त दोन वर्षं बँकॉकला राहिले. त्या काळात घरी आलेल्या जवळपास प्रत्येक पाहुण्याला मी वाट अरुणला घेऊन गेले. तिथे दर वेळी एकच दृश्य दिसायचं. टूरवाल्यांच्या माणसांचा घोळका यायचा, पाऊण तास फोटो काढायचा आणि गाईडची शिट्टी वाजली की निघून जायचा. लांबून आलेली, पैसे खर्च केलेली माणसं देवळाचा अर्धा भाग न बघताच परत जायची. हे बघून जीव हळहळायचा, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

थोडक्यात सांगायचं तर अर्धा दिवस या देवळासाठी राखून ठेवा, सकाळी आठला दारात हजर राहा, शक्यतो नदीकडून या, आणि उंच मनोरा बघून झाला की लगेच पाय काढू नका. शेजारच्या शांत सभागृहात जाऊन जमिनीवर बसा. बाकीचं सगळं या चार गोष्टी नीट जमाव्यात म्हणून आहे.

नाव आणि इतिहास, जाण्याआधी एवढं तरी

‘वाट’ म्हणजे थायलंडमधलं बौद्ध मंदिर आणि विहार मिळून असलेलं आवार. हा शब्द पालीतल्या ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा यावरून आला. आपला ‘वाडा’ही त्याच मुळाचा. अरुण म्हणजे सूर्याचा सारथी. तेव्हा वाट अरुण म्हणजे अरुणाचा वाडा म्हणायला हरकत नाही. एवढं कळलं की नाव परकं वाटत नाही.

देऊळ चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावर आहे. या बाजूला थोनबुरी म्हणतात. फार पूर्वी त्याचं नाव वाट माकोक होतं. माकोक म्हणजे आंबाडा, ज्याचं गोव्यात आणि तळकोकणात सासव करतात तोच. ‘बँकॉक’ या नावात हाच माकोक दडलेला आहे असं बरेच जण मानतात.

१७६७ साली ब्रह्मी फौजांनी अयुथ्या ही जुनी राजधानी जाळली. (अयुथ्या म्हणजे अयोध्या.) तिथून निसटलेला सेनापती ताकसिन नदीमार्गे खाली आला आणि पहाटेच्या वेळी या देवळाशी पोहोचला, अशी परंपरेची कथा आहे. पुढे तो राजा झाला, थोनबुरीला त्याने राजधानी केली आणि या देवळाला वाट चेंग, म्हणजे पहाटेचं देऊळ, असं नाव दिलं. जुनी थाई माणसं अजूनही ‘वाट चेंग’च म्हणतात. आज थायलंडची सर्वांत पूज्य मूर्ती मानला जाणारा पाचूचा बुद्ध ताकसिनच्या काळात याच आवारात होता. १७८२ मध्ये पहिल्या रामाने राजधानी नदीच्या पूर्व काठावर नेली. (आजच्या राजघराण्यातल्या राजांना पहिला राम, दुसरा राम असं म्हणतात.) मूर्तीही पलीकडे, राजवाड्यातल्या वाट फ्रा केव या देवळात गेली.

आपण ज्याच्यासाठी जातो तो उंच मनोरा, म्हणजे ‘प्रांग’, मात्र ताकसिनचा नाही. दुसऱ्या रामाने (कारकीर्द १८०९ ते १८२४) तो वाढवायला घेतला आणि तिसऱ्या रामाच्या काळात तो पुरा झाला.

केव्हा जायचं

पहाटेचं देऊळ म्हणून पुष्कळ जण सूर्योदयालाच जाऊन उभे राहतात आणि बंद दार बघून हिरमुसतात. पर्यटकांना साधारण सकाळी आठपासून आत सोडतात आणि संध्याकाळी सहाच्या आसपास बंद करतात. आठ ते साडेनऊ हा दीड तास सोन्याचा. देवळाचा नदीकडचा भाग पूर्वेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळचं ऊन थेट प्रांगवर पडतं आणि चिनी मातीचा तुकडान् तुकडा चमकतो. साडेनऊनंतर बसगाड्या यायला लागतात. अकरानंतर फरशी इतकी तापते की उबोसोत, म्हणजे मुख्य सभागृह, त्याच्यापुढे चपला काढल्यावर पाय चटाचटा भाजतात.

संध्याकाळचं चित्र उलटं असतं. सूर्य देवळामागे मावळतो, म्हणून ते बघायचं तर समोरच्या, पूर्व काठावरून. सकाळी आत आणि संध्याकाळी समोरून, असं दोनदा बघता आलं तर उत्तम. एकदाच जमणार असेल तर सकाळच निवडा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुसह्य असते. मार्च ते मे आपल्या नागपूर-अकोल्याची आठवण यावी असं ऊन, आणि वर समुद्रकाठचा घाम. मे ते ऑक्टोबर पाऊस, तोही बहुधा दुपारी-संध्याकाळी दणकून पडणारा. म्हणजे पावसाळ्यातही सकाळच बरी.

तारखा ठरवताना पौर्णिमेकडे लक्ष असू द्या. थाई लोकांचे मोठे बौद्ध सण आपल्या महिन्यांच्याच नावाने आहेत. माखा बुचा म्हणजे माघ पूजा, विसाखा बुचा म्हणजे वैशाख पूजा, आसान्हा बुचा म्हणजे आषाढ पूजा. त्या दिवशी गर्दी स्थानिक लोकांची असते. हातात कमळाची कळी, उदबत्ती, मेणबत्ती घेतलेली कुटुंबं येतात. फोटोंसाठी तो दिवस अडचणीचा, पण देऊळ जिवंत बघायचं असेल तर तोच दिवस निवडा.

कपडे, पैसे, पिशवी

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बाईमाणसांनी आणि पुरुषांनीही. आपले पाहुणे चुकतात ते पुरुषांच्या बाबतीत. घरातल्या बायका सलवार-कुर्त्यात नीट आलेल्या असतात आणि काका बर्मुडा घालून. दाराशी गुंडाळायला कापड मिळतं, पण रांगेत वेळ जातो. सुती पँट आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट पुरे. साडी चालते, पण प्रांगच्या पायऱ्या उभ्या आहेत, त्यामुळे पायात येणार नाही अशी नेसा. स्लीव्हलेसवर ओढणी घेऊन जाण्यापेक्षा बाह्यांचाच कुर्ता घाला. पलीकडच्या राजवाड्यात तर नियम आणखी कडक आहेत आणि बहुतेक जण दोन्ही एकाच दिवशी करतात.

पायात सहज काढता-घालता येईल असं काहीतरी घाला. मोजे जवळ ठेवले तर तापलेल्या फरशीवर उपयोगी पडतात.

परदेशी माणसाला तिकीट २०० बाट आहे. दर अधूनमधून वाढवतात, तेव्हा दारावरचा फलक बघा. नदी ओलांडायच्या बोटीला मात्र फक्त ५ बाट, म्हणून सुटे पैसे हवेतच. हातात १० बाटचं जुनं नाणं आलं तर ते खर्च करू नका. दोन धातूंचं, मध्ये पिवळं आणि कडेने पांढरं असं ते नाणं असतं आणि त्याच्या मागच्या बाजूला हेच प्रांग कोरलेलं आहे. नव्या नाण्यांवर ते नाही. मुलं बरोबर असतील तर त्यांना प्रवासाच्या पहिल्या दिवसापासून हे नाणं शोधायला लावा. देवळासमोर उभं राहून नाणं डोळ्यापुढे धरलं की त्यांना जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो.

पाण्याची बाटली, टोपी, घाम पुसायला पंचा. एवढं पुरे, पिशवी हलकी ठेवा.

पोहोचायचं कसं

तीन रस्ते आहेत. माझी पसंती पहिल्याला.

*नदीने.* स्कायट्रेनने साफान ताकसिन स्टेशनला उतरा. (पुलाला नाव त्याच ताकसिन राजाचं.) जिना उतरलं की लगेच साथोन धक्का लागतो. तिथे दोन तऱ्हेच्या बोटी मिळतात. निळ्या झेंड्याची पर्यटक बोट महाग असते. नारिंगी झेंड्याची बोट नोकरदार माणसांची, काही मोजक्या बाटमध्ये नेणारी. दोन्ही देवळाकडे जातात. तिकीट खिडकीवरची माणसं पर्यटक दिसला की बऱ्याचदा निळ्या बोटीकडे वळवतात. ‘ऑरेंज फ्लॅग’ असं स्पष्ट म्हणा आणि बोटीवरचा झेंडा स्वतः बघा.

नारिंगी बोटीत कंडक्टर बाई हातात लांबट पत्र्याची नळी घेऊन फिरते. आत सुटे पैसे, कडेला तिकिटांची गुंडाळी. नळी खळखळ वाजवत ती गर्दीतून पुढे सरकते, झाकण उघडून पैसे टाकते आणि त्याच झाकणाने तिकीट टचकन फाडून देते. धक्का जवळ आला की बोटीवरचा पोरगा शिट्टीच्या वेगवेगळ्या सुरांत चालकाला सांगतो, पुढे, मागे, थांब. बोट जेमतेम काही क्षण थांबते. उतरायचं असेल तर धक्का येण्याआधीच मागच्या टोकाला जाऊन उभे राहा. वयस्कर माणसांचा हात धरा. भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये कधी चढला असाल तर हे अवघड वाटणार नाही.

याच वाटेने येताना डाव्या हाताला, उंच हॉटेलं आणि गोदामं सरत गेली की वळणावर प्रांग एकदम समोर येतं. ते दृश्य टॅक्सीतून मिळत नाही.

*समोरच्या काठावरून.* मेट्रोच्या निळ्या मार्गाने सनाम चाय स्टेशन गाठा आणि वाट फो या मोठ्या देवळाच्या भिंतीकडेने चालत था तियन धक्क्यावर या. तिथून ५ बाटमध्ये पलीकडे. बोट सतत ये-जा करते, पाच मिनिटांचाही प्रवास नाही. राजवाडा आणि वाट फो त्याच दिवशी बघणार असाल तर हाच रस्ता सोयीचा.

*जमिनीवरून.* मेट्रोचं इत्सराफाप स्टेशन देवळाच्याच बाजूला आहे. हा फाटा २०१९ मध्ये सुरू झाला. सनाम चाय आणि इत्सराफापच्या मधला बोगदा थेट नदीखालून जातो. स्टेशनपासून पंधराएक मिनिटं चालावं लागतं, पण गल्ल्या साध्या राहत्या वस्तीच्या आहेत. भर पावसात, किंवा बोटीत चढ-उतर न जमणाऱ्या आजी-आजोबांबरोबर हाच रस्ता घ्या.

कोणी ‘आज बंद आहे’ म्हणालं तर

राजवाड्याच्या आणि था तियनच्या आसपास चांगले कपडे घातलेला, गोड बोलणारा माणूस भेटतो. कुठून आलात, इंडिया का, वा वा. मग हळूच सांगतो की आज बौद्ध सण आहे, देऊळ दुपारी एकपर्यंत बंद, तोवर माझ्या ओळखीचा टुकटुकवाला २० बाटमध्ये दुसरी तीन देवळं दाखवेल. पहिल्या वेळी मी फसले. एक लहानसं देऊळ दाखवून त्याने आम्हाला नीलम-माणकांच्या दुकानात नेऊन सोडलं आणि काही विकत घेतल्याशिवाय तिथून सुटणं किती अवघड होतं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. पैसे वाचले, सकाळ गेली.

उपाय सोपा आहे. देऊळ बंद आहे की उघडं हे फक्त देवळाच्या दारावरच कळतं. रस्त्यावरच्या कोणाचंही ऐकू नका, हसून मान हलवा आणि चालत राहा. धक्क्यावर ‘खास बोट’ म्हणून शेकडो बाट सांगणारेही भेटतील. ५ बाटची बोट त्यांच्या मागेच उभी असते.

आत गेल्यावर आधी प्रांग

तिकीट घेतलं की सरळ प्रांगकडे जा. गर्दी वाढायच्या आत हे उरकावं.

लांबून प्रांग करड्या-पांढऱ्या दगडाचं वाटतं. तसं ते नाही. ते विटांचं आहे, वर चुन्याचा गिलावा, आणि गिलाव्यात बसवलेली चिनी मातीची भांडी. होय, भांडी. बशा, वाट्या, झाकणं आणि त्यांचे फुटके तुकडे. चीनहून येणाऱ्या जहाजांच्या तळाशी, जहाज कलंडू नये म्हणून वजनाला अशी स्वस्त भांडी भरून आणत. आपल्या जुन्या दर्यावर्दी मराठीत त्या वजनाला नीरम म्हणतात. ते नीरम इथे फुलं होऊन भिंतीवर चढलं.

भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहा आणि एकच फूल निवडून बघा. मध्यभागी अख्खी छोटी बशी, तिच्यावरची निळी वेलबुट्टी अजून दिसते. भोवती पाकळ्या, प्रत्येक पाकळी दुसऱ्या कुठल्या तरी ताटलीतून कापून काढलेली, म्हणून एक गुलाबी, शेजारची हिरवी, तिसरीवर अर्धवट तुटलेलं फुलपाखरू. मधेमधे शंख-शिंपले बसवलेले. कारागिराचा हात कळतो. बशीची गोलाई त्याने पाकळीच्या बाकासाठी वापरली आहे, काठ बाहेर आणि तळ आत. माझी आई, जी फुटकी कपबशीही कुंडीत माती दाबायला जपून ठेवते, ती या भिंतीपुढून अर्धा तास हलली नव्हती. हात मात्र लावू नका. तुकडे सैल होतात.

२०१३ ते २०१७ या काळात मोठी डागडुजी झाली. नवा चुना लावल्यावर प्रांग फार पांढरं झालं, जुने रंग हरवले, अशी ओरड तेव्हा बँकॉकमध्ये झाली होती. आता पाऊसपाण्याने ते पुन्हा थोडं निवळलं आहे. मला स्वतःला जुन्या फोटोंतलं मळकट प्रांग जास्त आवडतं, पण पडझड होण्यापेक्षा पांढरं झालेलं बरं.

आता रचना. मधलं उंच प्रांग म्हणजे मेरू पर्वत. चार कोपऱ्यांना चार लहान प्रांग, ते वाऱ्याच्या देवाचे, फ्रा फायचे. पायऱ्यापायऱ्यांवर खांद्यावर भार पेलणारे यक्ष आणि वानर, कोनाड्यांत अर्ध्या पक्षी अर्ध्या मानवी किन्नरी. मान वर करून बघितलंत तर वरच्या कोनाड्यांत तीन तोंडांच्या हत्तीवर बसलेला इंद्र दिसेल. तो हत्ती म्हणजे एरावन, आपला ऐरावत. अगदी टोकाला सात पात्यांचं त्रिशूळ, त्याला शिवाचं त्रिशूळ म्हणतात. बुद्धाच्या देवळाच्या टोकाला शिवाचं आयुध आणि अंगावर इंद्र हे बघून आपली माणसं चकित होतात. थाई माणसाला त्यात विसंगती वाटत नाही, कारण हे सगळे देव त्याच्या लेखी बुद्धाच्या पायाशी नम्र झालेले आहेत.

चार दिशांना चार छोटे मंडप आहेत. त्यांत बुद्धाच्या आयुष्यातले चार प्रसंग आहेत: जन्म, बोधी, पहिलं प्रवचन, महापरिनिर्वाण. गर्दी तिकडे फिरकत नाही. चारही शोधत प्रांगला एक फेरी मारा, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, म्हणजे आपसूक प्रदक्षिणा होते.

पायऱ्यांबद्दल नीट सांगते. अगदी टोकापर्यंत जाऊ देत नाहीत, पण जेवढं खुलं असतं तेवढंही उभं आहे, शिडीसारखं. चढणं सोपं, उतरताना डोळे फिरतात. कठडा धरून, तोंड पायऱ्यांकडे करून उतरा. गुडघे दुखत असतील तर खालच्या चौथऱ्यावरच थांबा, कारण नक्षीकाम तिथूनच सर्वांत जवळून दिसतं.

आवारात भरजरी थाई पोशाख घातलेल्या पुष्कळ मुली दिसतील. बाहेरची दुकानं असे कपडे भाड्याने देतात, केस बांधून, दागिने घालून तयार करतात. हौस असेल तर जरूर करा, पण सकाळी आधी देऊळ बघून घ्या. एकदा जरीत शिरलं की लक्ष कपड्यांतच राहतं.

रावण दाराशी

प्रांगकडून उत्तरेला चालत गेलं की एक नक्षीदार दार लागतं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, हातात गदा टेकून उभे असलेले दोन अजस्र राक्षस. पांढऱ्याचं नाव ‘सहत्सदेचा’, तो सहस्र तोंडांचा. हिरवा तो थोत्सकान. हळू म्हणून बघा, थोत्सकान, दशकंठ. रावणच तो. थायलंडच्या रामकियेनमध्ये, म्हणजे रामकीर्तीमध्ये, तो खलनायक आहे, पण देवळाच्या दारावर तो इमानी राखणदार म्हणून उभा आहे.

यांची एक लोककथा बँकॉकमधल्या मुलांना पाठ असते. वाट फोच्या राक्षसाने नदीपलीकडच्या वाट चेंगच्या राक्षसाकडून पैसे उसने घेतले आणि परत देईना. मग दोघांची जुंपली, आणि त्यांच्या पायांखाली तिथली झाडं-घरं सगळी तुडवली जाऊन जागा सपाट झाली. तियन म्हणजे सपाट, ओसाड. म्हणून तो धक्का था तियन. उसनवारीवरून शेजाऱ्यांची भांडणं जगभर सारखीच, असं माझी आई ही गोष्ट ऐकून म्हणाली होती.

उबोसोत: इथे बसा

त्या दाराच्या आत उबोसोत आहे. शब्द ‘उपोसथ’वरूनच आला. भिक्खूंची दीक्षा आणि पौर्णिमा-अमावास्येचं प्रातिमोक्ष (भिक्खूंचे नियम) पठण होतं ते सभागृह. भोवती ओवऱ्या आहेत, त्यांत रांगेने बसलेल्या सोनेरी बुद्धमूर्ती. अंगणात चीनहून आलेल्या दगडी मूर्ती. टूरचे घोळके बहुतेक वेळा इथपर्यंत येत नाहीत.

चपला बाहेर काढा. उंबऱ्यावर पाय देऊ नका, ओलांडून आत जा. समोर मुख्य बुद्धमूर्ती, तिचा चेहरा दुसऱ्या रामाने स्वतः घडवला असं मानतात, आणि त्याच राजाच्या अस्थी मूर्तीच्या बैठकीत आहेत. भिंतीवर वरपासून खालपर्यंत चित्रं आहेत.

आता बसा. गुडघे वाकवून, पाय मागे किंवा बाजूला. पावलं मूर्तीकडे होता कामा नयेत, एवढा एकच नियम पक्का. पंधरा मिनिटं काही करू नका. डोळे अंधाराला सरावले की चित्रांतले घोडे, राजवाडे, बायकांचे चेहरे एकेक करून दिसायला लागतात.

एका वर्षी नागपूरहून आमच्या ओळखीच्या एक मावशी आल्या होत्या. दरवर्षी दीक्षाभूमीला जाणाऱ्या, वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला बसणाऱ्या. उबोसोतमध्ये बसल्यावर त्यांनी हात जोडून हलक्या आवाजात सुरू केलं, नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स. शेजारी एक थाई आजी बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली आणि दुसऱ्या वेळेला त्याही म्हणू लागल्या, त्यांच्या उच्चारात, नमो तस्सा फखवतो. मग त्रिशरण, मग पंचशील. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि पालीतलं सगळं येत होतं. संपल्यावर थाई आजींनी आपल्या हातातली मोगऱ्याची माळ मावशींच्या हातात दिली. त्या माळेला थाईत फुआंग मालाई म्हणतात, हे मी सांगितल्यावर मावशी म्हणाल्या, “माला म्हणजे मालाच ना गं.”

महाराष्ट्रातून जाणाऱ्या बौद्ध कुटुंबांना माझा आग्रह आहे: वंदना येत असेल तर इथे जरूर म्हणा, हळू आवाजात. कोणी रोखणार नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, वर्षावास संपल्यावर आलात तर कठीन चीवरदानाचा, म्हणजे भिक्खूंना वस्त्रं देण्याचा, काळ असतो. आपल्या विहारांत होतं तेच, इथे त्याला कथिन म्हणतात. वाट अरुणला कधीकधी राजा स्वतः चीवर घेऊन नदीतून येतो, सोनेरी शाही नौकांच्या ताफ्यासह. २७ ऑक्टोबर २०२४ ला असा ताफा निघाला होता. असा योग क्वचित येतो.

कसं वागायचं

भिक्खूंना वाट द्या. बायकांनी त्यांना स्पर्श करू नये, थेट हातात काही देऊ नये. द्यायचं असेल तर समोर ठेवा किंवा बरोबरच्या पुरुषाकडे द्या. मूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढू नका, मूर्तीला टेकू नका. कोणाच्या, अगदी लहान मुलाच्याही, डोक्यावरून हात फिरवू नका. आपल्याकडे ते मायेचं, इथे अपमानाचं.

हात जोडून नमस्कार चालतो, त्याला ‘वाय’ म्हणतात. बाईने ‘सवात्दी खा’ म्हणावं, पुरुषाने ‘सवात्दी ख्रप’. सवात्दी म्हणजे स्वस्ति. आभार मानायला ‘खोप खुन खा’ किंवा ‘खोप खुन ख्रप’. एवढ्या दोन वाक्यांवर चेहरे खुलतात.

बुद्धमूर्ती शोभेची वस्तू म्हणून विकत घेणं, अंगावर गोंदवणं थाई लोकांना फार लागतं. घरी नेण्यासाठी मूर्ती घ्यायचीच असेल तर देशाबाहेर नेण्यासाठी तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो हे आधी लक्षात घ्या. दुकानदार सांगेलच असं नाही.

पोटापाण्याचं

देवळाबाहेर शहाळी, कापलेली फळं, आइस्क्रीम मिळतं. कच्चा आंबा तिखट-साखरेबरोबर देतात, घ्याच. शाकाहाऱ्यांसाठी दोन शब्द. ‘मांगसविरात’ म्हणजे शाकाहारी, मांसविरतीच ती, पण यात अंडं येऊ शकतं. ‘जे’ म्हणजे त्याहून कडक, कांदा-लसूणही नाही. पिवळ्या फलकावर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेली दुकानं शोधा. साध्या भाजीतही ‘नाम प्ला’ म्हणजे माशाचं पाणी घालतात, म्हणून ‘माय साय नाम प्ला’ (नाम प्ला घालू नका) हे पाठ करून ठेवा.

त्याच दिवशी आणखी काही

दहाच्या सुमारास बाहेर पडलात तर पाच बाटची बोट धरून पलीकडे वाट फोला जा. तिथला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. त्याच्या पाठीमागच्या भिंतीलगत १०८ कांस्यपात्रं मांडलेली आहेत, लोक प्रत्येकात एकेक नाणं टाकत जातात आणि दालनभर टण टण आवाज घुमत राहतो. राजवाडा त्याच दिवशी करू नका, असं माझं ठाम मत आहे. तो निराळा दिवस मागतो आणि त्याचं तिकीटही बरंच जास्त आहे. त्याऐवजी चालत पाक ख्लोंग तलातच्या फुलबाजारात जा. झेंडूचे ढीग बघून दादरला आल्यासारखं वाटेल.

संध्याकाळी दमला नसाल तर साडेपाचला पुन्हा था तियनच्या बाजूला या. गच्चीवरच्या कॅफेंमध्ये नदीसमोरची टेबलं मिळवायला काही तरी महागडं मागवावं लागतं. ते नको असेल तर धक्क्याच्या आसपास, नदीकडे उघडणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं तरी चालतं. सूर्य प्रांगच्या मागे उतरतो, ते काळं होत जातं, मालवाहू बार्जची माळ एखाद्या छोट्या टगबोटीमागून संथपणे जाते. अंधार पडला की देवळावरचे पिवळे दिवे लागतात. नारिंगी झेंड्याच्या बोटी तोवर बंद होत आलेल्या असतात, तेव्हा परतीसाठी सनाम चायची मेट्रो धरा.